कोश्याच्या साडीवर ऊन कुठून पडतं? स्टायलिस्ट आणि आर्ट डायरेक्टरचं काम, सोप्या भाषेत

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्याच्या चौकात आम्ही कर्वतकाठी साडीचे फोटो काढत होतो. मार्च सरत आला होता. साडेअकरा वाजले होते आणि ऊन थेट डोक्यावरून पडत होतं. साडी अस्सल कोश्याची, म्हणजे टसर रेशमाची. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी होती, जी उतरवायला विणकराला मागावर तीन धोटे चालवावे लागतात. हातात घेतली की तिचं मोल आपोआप कळायचं. फोटोत मात्र सगळं सपाट दिसत होतं. दुकानाच्या मालकांना आम्ही सगळे काका म्हणायचो. त्यांनी स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाले, "पोरी, हे तर गोणपाट दिसून राह्यलं."

त्यांचं बरोबर होतं. मग दोन गोष्टी बदलल्या. मॉडेलने घातलेला ब्लाउज चमकदार ब्रोकेडचा होता आणि बघणाऱ्याची नजर आधी तिकडेच जात होती. तो उतरवून मेंदी रंगाचा साधा सुती ब्लाउज घातला. दुसरं म्हणजे शूट थांबवलं. चार वाजेपर्यंत सगळे बसून राहिलो आणि मग मॉडेलला ओसरीवर आणलं, जिथे ऊन दारातून आडवं येत होतं. कोश्याच्या सुताला जागोजागी बारीक गाठी असतात. आडव्या उजेडात त्या प्रत्येक गाठीची इवलीशी सावली पडते आणि कापड बोलायला लागतं. डोक्यावरच्या उन्हात ती सावलीच नसते.

ब्लाउज बदलणं हे स्टायलिस्टचं काम. चारपर्यंत थांबायचं आणि ओसरीवर जायचं हे ठरवणं आर्ट डायरेक्टरचं. त्या दिवशी दोन्ही मीच होते. नागपुरातल्या बहुतेक शूटला या दोन कामांसाठी दोन माणसं परवडत नाहीत. म्हणून इथे ही दोन कामं एकच वाटतात. पण ती वेगळी आहेत, आणि या क्षेत्रात यायचं असेल तर पहिल्यांदा हा फरक समजून घ्यावा लागतो.

माझ्याकडे मुलं-मुली येतात, बरेचदा आईवडिलांसोबत. मुलीला सगळं ठाऊक असतं. वडील विचारतात, "म्हणजे कपडे शिवायचं काम का?" हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो, कारण या धंद्यातली नावंच घोळात टाकणारी आहेत.

कपडा ज्याच्या डोक्यातून निघतो तो डिझायनर. नाटक-सिनेमातल्या पात्राचे कपडे ठरवून करवून घेतो तो वेशभूषाकार. कोल्हापूरच्या भानू अथैया वेशभूषाकार होत्या. 'गांधी' या चित्रपटासाठी १९८३ मध्ये त्यांना ऑस्कर मिळालं, आणि ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. स्टायलिस्ट बहुतेक वेळा काहीच शिवत नाही. आधीपासून असलेले कपडे, दागिने, चपला, केसांतलं फूल यांतून तो निवड करतो आणि ते अशा रीतीने एकत्र आणतो की त्यातून एक नवी गोष्ट दिसावी. आर्ट डायरेक्टर त्याही पलीकडे पाहतो. चित्रात काय असेल, जागा कुठली, उजेड कसा, रंग किती, फोटोग्राफर कोण, अक्षरं कुठे बसणार, आणि हे सगळं शेवटी कुठे छापलं किंवा दाखवलं जाणार, हे त्याच्याकडे.

सिनेमातला आर्ट डायरेक्टर मात्र निराळा. तिथे त्या शब्दाचा अर्थ प्रामुख्याने सेट उभारणारा. दापोलीच्या नितीन चंद्रकांत देसाईंनी त्या कामासाठी चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवले आणि कर्जतजवळ स्वतःचा स्टुडिओ उभा केला. मी इथे बोलते आहे ती मासिकं, जाहिराती आणि कॅटलॉग यांच्यातल्या आर्ट डायरेक्टरबद्दल.

आपल्याकडच्या लग्नातलं रुखवत डोळ्यांसमोर आणा. मामीने साखरेची फुलं केली, आत्याने भातुकली, कुणी पापड-कुरडयांचं देऊळ. या सगळ्या डिझायनर. पण टेबलावर मधोमध काय, कडेला काय, मागे शालू कुठला लावायचा, दिवा कुठून सोडायचा, हे ठरवणारी घरात एखादीच काकू असते. तिच्या हातची एकही वस्तू टेबलावर नसली तरी रुखवत तिचं असतं.

ही दोन्ही कामं मोठी झाली ती मासिकांमुळे. अलेक्सी ब्रोदोविच नावाचा रशियातून आलेला कलाकार १९३४ ते १९५८ अशी चोवीस वर्षं न्यूयॉर्कच्या 'हार्पर्स बझार'चा आर्ट डायरेक्टर होता. तोवर मासिकाची पानं चौकटी आखून भरली जात. त्याने फोटो पानाच्या कडेपर्यंत नेले, मजकुराला फोटोच्या आकाराशी खेळवलं, आणि पांढरी मोकळी जागा मुद्दाम सोडली. ती मोकळी जागा हे त्याचं सगळ्यात मोठं देणं आहे असं मी मानते, कारण गिऱ्हाईकाला आजही सर्वांत आधी तीच खुपते.

त्या काळात कपड्यांची निवड मासिकातला फॅशन संपादक करायचा. स्टायलिस्ट ही स्वतंत्र ओळख ठळक झाली १९८० च्या दशकात, विशेषतः लंडनमध्ये. रे पेट्री या स्टायलिस्टने सैनिकी जॅकेटं, खेळाडूंचे कपडे आणि रस्त्यावरची तरुण मुलं एकत्र आणली. त्यांतली एकही वस्तू त्याने शिवलेली नव्हती, पण ते चित्र त्याचंच म्हणून ओळखलं गेलं. स्टायलिस्टपासून वरपर्यंतचा रस्ता कसा असतो हे पाहायचं असेल तर ग्रेस कॉडिंग्टन यांचं उदाहरण घ्या. त्या आधी मॉडेल होत्या. १९६८ मध्ये ब्रिटिश 'व्होग'मध्ये कनिष्ठ संपादक म्हणून लागल्या, १९८८ मध्ये अमेरिकन 'व्होग'मध्ये गेल्या आणि पुढे तिथल्या क्रिएटिव्ह डायरेक्टर झाल्या. मधली वीस वर्षं लक्षात ठेवा. भारतात 'फेमिना' १९५९ पासून होतं, 'एल' १९९६ मध्ये आलं आणि 'व्होग' २००७ मध्ये. अशा मासिकांबरोबर इथेही फोटोखाली स्टायलिस्टचं नाव छापून यायला लागलं.

आता प्रत्यक्ष काम.

शूट एका दिवसाचं असतं, काम चार-पाच दिवसांचं. आधी गिऱ्हाईकाशी बोलणं. त्याला काय विकायचंय आणि कुणाला, हे त्याच्या तोंडून काढून घ्यावं लागतं. "मस्त, रॉयल दाखवा" एवढंच सांगणारे बरेच भेटतात. रॉयल म्हणजे त्याच्या मनात जयपूरचा महाल आहे की भोसल्यांचा वाडा, हे विचारल्याशिवाय कळत नाही. मग मूडबोर्ड, म्हणजे रंग, पोत, जागा, केशरचना यांची चित्रं एका पानावर लावून सगळ्यांनी एकच स्वप्न पाहायची सोय. मूडबोर्डवर दुसऱ्यांचे फॅशन फोटोच चिकटवले तर शेवटी त्यांचीच नक्कल हाती येते. माझ्या बोर्डावर कॉटन मार्केटमधल्या संत्र्यांच्या ढिगाचा फोटो असतो, सावजीच्या रश्श्यावरचा तवंग असतो, एप्रिलमधल्या पळसाच्या झाडाखालची माती असते.

त्यानंतर वस्तू गोळा करणं. या कामाचा निम्मा जीव इथे जातो आणि याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मुंबईत डिझायनरांची प्रसिद्धी पाहणाऱ्या पीआर एजन्सी असतात. त्या ओळखीच्या स्टायलिस्टला कपडे उसने देतात, छापून येणाऱ्या नावाच्या बदल्यात. नागपुरात ही व्यवस्था अशी आयती मिळत नाही. इथे गांधीबागेतल्या ठोक कापडवाल्याकडे जायचं, इतवारीच्या सराफ्यात बसायचं, सीताबर्डीवर चपला शोधायच्या, आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःची पत उभी करायची. डिपॉझिट ठेवायचं, वहीत लिहून घ्यायचं, घेतानाच वस्तूचा चारही बाजूंनी फोटो काढायचा. हा शेवटचा नियम मी ठेच लागल्यावर केला. एका सराफाकडून आणलेल्या नथीतला एक मोती परत करताना नव्हता. तो आधीच पडलेला होता की माझ्याकडे पडला, हे मला सिद्ध करता आलं नाही. पैसे मी भरले, आणि तेव्हापासून फोटो काढल्याशिवाय मी साधी बांगडीसुद्धा उचलत नाही.

मग फिटिंग. कॅटलॉगचे कपडे मॉडेलच्या मापाचे क्वचितच असतात. समोरून सुरेख बसलेल्या अनारकलीच्या पाठीवर सात क्लिपा असतात. माझ्या पेटीत काय आहे ते सांगितलं तर काम जास्त नीट कळेल: वाफेची इस्त्री, तीन आकारांच्या सेफ्टी पिना, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, मोठ्या क्लिपा, सुईदोरा, कापडावरचे केस उचलणारा रोलर, त्वचेच्या रंगाचे आतले कपडे, घामाचे पॅड, आणि कागदी टेप. ही टेप उसन्या चपलांच्या तळव्याला लावायची, म्हणजे त्या परत करताना झिजलेल्या दिसत नाहीत. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा आणखी एक वस्तू लागते. बर्फात ठेवलेले ओले रुमाल. घामाचा एक डाग रेशमावर पडला की ती साडी तुम्ही विकत घेतली असं समजा.

कॅमेरा आपल्या डोळ्यांसारखं पाहत नाही. हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. फार बारीक चौकडीचा किंवा रेघांचा शर्ट डोळ्यांना उत्तम दिसतो, पण कॅमेऱ्याच्या सेन्सरवरही बारीक ठिपक्यांची जाळी असते. दोन जाळ्या एकमेकींवर पडल्या की कापडावर नसलेल्याच लाटा फोटोत उमटतात. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर धरून पाहा, तेच. गडद पोपटी कापडावरून परतलेला उजेड हनुवटीखाली पडतो आणि चेहरा आजारी दिसतो, म्हणून अशा साडीला पदर कुठे घ्यायचा हे जपून ठरवावं लागतं. समोरून सरळ दिवा मारला की साडीतली सोनेरी जर एकतर पांढरीफटक होते नाहीतर विझते. दिवा जरा बाजूला सरकवला की सोनं परत येतं. हे सगळं फोटोग्राफरला ठाऊक असतंच. पण स्टायलिस्टलाही ठाऊक असेल तर चुकीचं कापड सेटवर येतच नाही.

यापेक्षा अवघड असतो तो कपड्याचा अर्थ.

एका लग्नाच्या कॅटलॉगसाठी मी नवरीची एक साडी पांढरी ठेवली होती, बारीक सोनेरी काठाची. गिऱ्हाईकाने ती लगेच बाजूला काढली. "लग्नात पांढरं? काहून?" मी म्हटलं, आपण नागपुरात आहोत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात धम्मदीक्षा घेतली, तेव्हा लाखो माणसं शुभ्र कपडे घालून आली होती. आजही बौद्ध पद्धतीच्या लग्नात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत उभे असतात. या शहरात पांढरा रंग ज्यांच्यासाठी मंगल आहे अशी असंख्य घरं आहेत, आणि तुमच्या कॅटलॉगमध्ये त्यांच्या मुलीसाठी एकही पान नाही. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग साडी परत यादीत आली. ते पान छापलं गेलं याचा मला आजही मनापासून आनंद आहे. मुंबई-दिल्लीतून आलेल्या मूडबोर्डावर ही गोष्ट सापडणार नव्हती. ज्या गावात काम करतो तिथली माणसं काय पाहून हरखतात आणि काय पाहून दुखावतात, हे ठाऊक असणं हा स्टायलिस्टच्या कौशल्याचा गाभाच आहे.

स्टायलिस्टचा आर्ट डायरेक्टर कधी होतो? बढतीचं पत्र येत नाही. माझ्या मते तो त्या दिवशी व्हायला लागतो, ज्या दिवशी तो कपड्याच्या आधी विचारतो, "हे चित्र लागणार कुठे?" तेच छायाचित्र रस्त्यावरच्या होर्डिंगवर आडवं जाणार असेल तर मॉडेल एका बाजूला हवी, दुसरीकडे अक्षरांना मोकळी जागा. मोबाइलवर उभं दिसणार असेल तर वर-खाली जागा सोडावी लागते, नाहीतर कापताना पायच जातात. मासिकाच्या दोन पानांवर पसरणार असेल तर चेहरा मधल्या घडीत येता कामा नये. हे शूटच्या आधी ठरलं नाही तर नंतर कितीही माथेफोड करून सुधारत नाही.

होर्डिंगचा धडा मी मारबतीच्या मिरवणुकीत शिकले. तान्हा पोळ्याच्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे असतात, म्हणजे वाईट गोष्टींचे मोठाले पुतळे. बांबू, कागद, रंग यांतून उभं केलेलं ते धूड एवढ्या तुडुंब गर्दीत, लांबून, क्षणभरात कळावं लागतं. महागाईचा बडगा आहे की भ्रष्टाचाराचा, हे शेवटच्या रांगेतल्या पोराला समजतं. कारण बनवणाऱ्याने एकच कल्पना धरलेली असते आणि बाकीचं सगळं गाळलेलं असतं. गाळणं हे आर्ट डायरेक्टरचं रोजचं काम आहे.

आणि मराठी अक्षरांकडेही लक्ष हवं. ही माझी जुनी खंत आहे. देवनागरीला शिरोरेखेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार असतात, खाली उकार असतात. तिला दोन ओळींमध्ये रोमन लिपीपेक्षा जास्त जागा लागते. इंग्रजी जाहिरातीच्या साच्यात मराठी मजकूर कोंबला की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला धडकतो. एवढी देखणी पैठणी आणि तिच्या शेजारी चेंगरलेली अक्षरं. ज्याला मराठी वाचता येतं अशा आर्ट डायरेक्टरने हे खपवून घेऊ नये.

शिकायचं कुठे? निफ्टमध्ये, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेत, फॅशन कम्युनिकेशन नावाचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे, तो या कामाच्या सर्वांत जवळ जातो. संस्था १९८६ ची, मुंबईचं केंद्र खारघरला. आर्ट डायरेक्शनकडे ओढा असेल तर उपयोजित कला हा रस्ता. मुंबईत जे. जे. ही कला शिकवणारी संस्था, आणि इथे नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. रेखांकन, अक्षर, मांडणी यांचा पाया तिथे पक्का होतो. पदवीशिवायही लोक या कामात शिरतात. त्यांचा रस्ता म्हणजे असिस्टंट होणं. दोन वर्षं इस्त्री करायची, पिशव्या वाहायच्या, पावत्या सांभाळायच्या, आणि पाहत राहायचं. ही दोन वर्षं ज्यांनी टाळली त्यांच्या कामात मला पुढे कुठे ना कुठे भोक दिसलंय, पदवी असली तरी.

पैशांबद्दल आईवडील विचारतात आणि विचारायलाच हवं. हा बहुतांशी फ्रीलान्स धंदा आहे. दिवसाच्या दराने बोली होते, पण तयारीचे आणि परतीचे दिवसही त्यात धरायचे असतात, हे नवीन मुलं विसरतात. कितीही ओळखीचं गिऱ्हाईक असो, लिहून घ्यायचं: किती लुक (म्हणजे कपडे-दागिन्यांचे किती पूर्ण संच), पुन्हा शूट झालं तर किती, वस्तूंचं नुकसान कुणाच्या माथी, नाव कुठे छापणार. कारण कायदा स्टायलिस्टला आपोआप फारसं देत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. फोटोखालचं तुमचं नाव हा केवळ कराराचा भाग आहे. कंपन्या बहुधा १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर, कापतात. तुमच्यावर तेवढा कर बसत नसेल तर विवरणपत्र भरून ते पैसे परत मिळतात, सोडून देऊ नका. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते.

बिलं थकणं हा या धंद्यातला खरा आजार. मी स्वतः एका बिलासाठी आठ महिने फोन केले आहेत. तेव्हा मला माहीत नव्हतं की सरकारच्या संकेतस्थळावर उद्यम नोंदणी फुकट करता येते, आणि २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या कायद्यात अशा लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर चक्रवाढ व्याजासह. सेवा देणाऱ्यालाही तो लागू आहे. आता माझ्या प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक असतो आणि फोन कमी करावे लागतात.

नागपुरात राहून हे करिअर होतं का? खरं सांगायचं तर, मोठ्या मासिकांचं आणि देशभरच्या जाहिरातींचं काम अजूनही मुंबई-दिल्लीत आहे. ते हवं असेल तर काही वर्षं तिकडे काढावी लागतात. रात्रीच्या दुरांतोने बसलं की सकाळी मुंबई. पण साड्यांची दुकानं, सराफ, लग्नाचे कपडे विकणारे छोटे ब्रँड, घरून ऑनलाइन विकणाऱ्या बायका, या सगळ्यांना आता दर आठवड्याला चांगले फोटो लागतात. ते काम इथेच आहे. शिवाय शिकण्यासाठी जे लागतं, म्हणजे माग, कापडबाजार, जुने वाडे, रामटेकची टेकडी, काटोलकडच्या संत्र्याच्या बागा, ते दोन तासांच्या आत आहे.

गेल्या महिन्यात एक मुलगी आली होती, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. "ताई, सुरुवात कशानं करू?" मी तिला टेस्ट शूट करायला सांगितलं. फोटोग्राफी शिकणारा एक मित्र, मेकअप शिकणारी एक मैत्रीण, उभी राहायला एखादी बहीण. कुणी कुणाला पैसे द्यायचे नाहीत, फोटो सगळ्यांनी वापरायचे. तीन साड्या घ्यायच्या, त्यातली एक आजीची. सकाळी साडेसातला एकदा आणि त्याच जागी भर दुपारी एकदा, दोन्ही वेळा फोटो काढायचे, म्हणजे उजेडाचा फरक पुस्तकाशिवाय कळतो. शंभरातले दहा ठेवायचे. दुकानातून उसनी आणलेली साडी मूळच्या घडीवरच घडी घालून त्याच संध्याकाळी परत द्यायची आणि छान आलेला एक फोटो दुकानदाराच्या मोबाइलवर पाठवायचा. पुढच्या वेळी तो डिपॉझिट मागणार नाही.